अनअटेंडेड-अपग्रेड्स आणि क्रॉनचे मेल : नऊ महिने वापरून

माझ्याकडे उबुंटू २४.०४ (लिनक्स) चे तीन सर्व्हर आहेत. एक माझा, दोन गिऱ्हाइकांचे, त्यातला एक गावाकडच्या दूध संस्थेचा. दर रविवारी सकाळी एसएसएचने (लांबून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) आत शिरून अपडेट मारायचा कंटाळा आला, म्हणून नऊ महिन्यांपूर्वी सगळं अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट टाकणारा प्रोग्राम) आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) यांच्यावर सोडलं. काय झालं ते मेलने कळायचं, एवढीच अपेक्षा.

मेल बाहेर पडायलाच दोन संध्याकाळी गेल्या. पोस्टफिक्स हा मेल-सर्व्हर टाकला, पण व्हीपीएसवाल्यांनी (ज्यांच्याकडून सर्व्हर भाड्याने घेतले) मेल बाहेर जायचं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवलेलं. मेल रांगेत पडून राहिले. मग पोस्टफिक्स काढून एमएसएमटीपी, फक्त मेल पाठवणारा छोटा प्रोग्राम, बसवलं आणि जीमेलच्या ५८७ पोर्टवरून पाठवायला लागलो. त्यासाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, नेहमीचा पासवर्ड चालत नाही. आणि रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या) नावाने येणारे मेल आपल्या पत्त्यावर वळवायला एलियासची फाइल भरायला विसरू नका. मी विसरलो होतो.

अपग्रेडचं काम चोख आहे. नऊ महिन्यांत एकदाही पॅकेज अर्धवट अडकलं नाही. घोळ झाला तो रीबूटचा, आणि तो माझाच. कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलला की मशीन आपोआप रीबूट व्हावं म्हणून पहाटे दोनची वेळ दिली. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथले दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात, म्हणजे ऐन दूध संकलनाची वेळ. सचिवांचा फोन : "दादा, स्लिपा निघंनात. माणसं किटल्या घिऊन हुबी हायती." मशीन दोन मिनिटांत वर आलं, पण त्या दोन मिनिटांबद्दल मला महिनाभर ऐकावं लागलं. आता टाइमझोन आशिया-कोलकाता केलाय. टाइमझोन बदलल्यावर क्रॉनची सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते, नाहीतर ती जुन्याच वेळेने चालत राहते.

दुसरा किस्सा बॅकअपचा, आणि हा जास्त लाजिरवाणा. रोज रात्री मायएसक्यूएल डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची प्रत) जीझिपने दाबून फाइलमध्ये जायचा आणि शेवटी मेल यायचा, 'बॅकअप झाला'. तीन आठवडे हा मेल बघून मी निवांत झोपलो. एकदा सहज फोल्डर उघडलं तर एकवीस फाइली, प्रत्येकी २० बाइट! रिकामी जीझिप फाइल तेवढीच भरते. डेटाबेसचा पासवर्ड मी बदलला होता, स्क्रिप्टमध्ये जुनाच. डंप फसत होता, पण पाइपच्या (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या साखळीच्या) शेवटी जीझिप यशस्वी, म्हणून स्क्रिप्टच्या मते सगळं आलबेल. एररच्या ओळी तर मीच डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, घातल्या होत्या, 'उगाच मेल नकोत' म्हणून. क्रॉन बिचारा छापून आलेली प्रत्येक ओळ मेलने पाठवायला तयार असतो, तोंड आपणच बांधतो. आता स्क्रिप्ट बॅशमध्ये, वर पाइपफेल (साखळीतलं एक काम फसलं तरी सगळं फसलं धरणारी सेटिंग), आणि मेलच्या विषयातच फाइलचा आकार. '४१२ एमबी' दिसलं की पुढे वाचायची गरज पडत नाही.

लॉगवॉच, सर्व्हरच्या नोंदींचा रोजचा गोषवारा मेलने पाठवणारा प्रोग्राम, दीड महिन्यात काढलं. तीन सर्व्हरचे रोज तीन लांबलचक मेल, पंधरवड्यात मी त्यांना फिल्टर लावून वेगळ्या फोल्डरमध्ये ढकललं, मग उघडलंच नाही. अपग्रेडचा मेल मात्र 'ऑन-चेंज'वर (काही बदललं की मेल) ठेवलाय. 'ओन्ली-ऑन-एरर' (फक्त चूक झाली तरच मेल) मला पटत नाही : मेल आला नाही तर सगळं ठीक आहे की एमएसएमटीपीच मेलंय, हे कसं ओळखायचं? त्याचसाठी बॅकअपच्या शेवटी हेल्थचेक्स-डॉट-आयओ या बाहेरच्या सेवेला कर्ल कमांडने एक संदेश जातो. ठरल्या वेळेत तो पोहोचला नाही, तर मेल त्यांच्याकडून येतो.

वेबसाइटची एचटीटीपीएस सर्टिफिकेट फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून सर्टिफिकेट संपत आल्याचे मेल पाठवणं थांबवलं, तेव्हा तेही घरीच करावं लागलं. सर्टबॉट हा प्रोग्राम नूतनीकरण करतोच, पण किती दिवस उरलेत ते मी ओपनएसएसएल कमांडच्या चेकएंड पर्यायाने रोज तपासतो. १४ दिवसांपेक्षा कमी उरले तरच मेल. अजून एकदाही आलेला नाही, म्हणून मुद्दाम १०० दिवसांची मर्यादा देऊन एकदा आणवून पाहिला.

एक उणीव राहिलीच. उबुंटूच्या नव्हे तर बाहेरच्या रेपॉझिटरीतून (पॅकेजांच्या साठ्यातून) टाकलेली पॅकेजेस अनअटेंडेड-अपग्रेड्स मूळ सेटिंगमध्ये आपोआप अपग्रेड करत नाही. माझा नोड (नोड-जेएस) तिथलाच. तेवढ्यासाठी महिन्यातून एका रविवारी एसएसएच अजून आहे, आणि आठवणीचा मेल क्रॉनच पाठवतो.