प्लॅनचा आकडा रेडियसमध्ये की सेवा राउटरवर? नागपूरच्या ब्रॉडबँडवाल्यांसाठी तुलना

"भाऊ, शंभरच्या प्लॅनचे पैसे सकाळीच भरले, तरी स्पीड चाळीसचाच येऊन राहिला." मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत नेटवाल्यांच्या ओळखीचा हा फोन. बिलिंगमध्ये प्लॅन बदललेला असतो, पावतीही गेलेली असते. राउटरला मात्र कुणी काही कळवलेले नसते. ग्राहकाने निवडलेली सेवा त्याच्या चालू सेशनवर (जोडणीवर) कशी आणि किती वेळात उतरते, हे पाहून पद्धत निवडावी. पोर्ट किती, कोअर किती, हा हिशोब त्यानंतरचा.

समोर तीन रस्ते आहेत. पहिला, मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डने उघडणारे सेशन, आणि वेगाचा आकडा रेडियसकडून, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या आणि वापराचा हिशोब ठेवणाऱ्या सर्व्हरकडून. दुसरा आयपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डशिवाय डीएचसीपीवर (आयपी पत्ता आपोआप देणाऱ्या सोयीवर) चालणारे सेशन, आणि वर सिस्कोच्या आयएसजीसारखा, ग्राहकांच्या सेवा सांभाळणारा गेटवे. तिसरा हॉटस्पॉट पोर्टल, म्हणजे वायफायला जोडल्यावर उघडणारे लॉगिनचे पान. तिसऱ्याचा वापर वेगळा आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

आकडा आणि नाव

मायक्रोटिकमध्ये लॉगिन मान्य करतानाच रेडियस 'मायक्रोटिक-रेट-लिमिट' पाठवते आणि राउटर त्या सेशनपुरती सिंपल क्यू, म्हणजे वेगाला मर्यादा घालणारी रांग, तयार करतो. यातला पहिला आकडा राउटरकडे येणाऱ्या ट्रॅफिकचा, म्हणजे ग्राहकाच्या अपलोडचा. '२०एम/१००एम' म्हणजे २० अप, १०० डाउन. दोन्ही बाजूंना सारखा वेग देणाऱ्या प्लॅनमध्ये हे आकडे उलटे लिहिण्याची चूक वर्षभर लपून राहते, आणि पहिला असमान प्लॅन काढला की त्या दिवशी सगळे उलटे होते. दुसरी नेहमीची अडचण फास्टट्रॅकची, म्हणजे चालू ट्रॅफिक झटपट पुढे सोडणाऱ्या नियमाची. फायरवॉलमध्ये तो नियम चालू असेल तर ट्रॅफिक सिंपल क्यूला वळसा घालून जाते. क्यू यादीत दिसते, पण ग्राहकाला पूर्ण लाइनचा वेग मिळतो. याची तक्रार कोणी करत नाही, म्हणून ती उशिरा सापडते.

आयएसजीत रेडियस सेवेचे नाव सांगते, जसे 'होम१००'. त्या नावामागचा वेग, ट्रॅफिक क्लास आणि हिशोबाचे नियम राउटरवर सर्व्हिस पॉलिसी मॅपमध्ये लिहिलेले असतात, किंवा राउटर ते रेडियसकडून प्रोफाइल म्हणून उतरवून घेतो. एकाच सेशनवर दोन सेवा बसू शकतात आणि दोन्हींचा हिशोब वेगळा निघतो. बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्याला हेड ऑफिसची लाइन एका वेगाने आणि इंटरनेट दुसऱ्या वेगाने द्यायचे असेल, तर हे काम मायक्रोटिकवर मॅंगल (ट्रॅफिकवर खूण) आणि क्यू ट्रीने (खुणेनुसार रांगा) होते खरे, पण सहा महिन्यांनी ते कॉन्फिगरेशन लिहिणाऱ्यालाही वाचता येत नाही.

एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. 'व्हिडिओची सेवा वेगळी, गेमिंगची वेगळी' अशी विक्री या गेटवेवर करता येते, असे अजूनही सांगितले जाते. यंत्राला ते जमते. पण कोणता मजकूर पाहिला यावरून वेगळा दर लावायला ट्रायच्या फेब्रुवारी २०१६ च्या नियमांनी मनाई केली आहे. त्यामुळे घरगुती ग्राहकासाठी सेवा निवडायची म्हणजे वेग, डेटा मर्यादा, टॉप-अप आणि मुदत, एवढेच उरते. एवढ्यासाठी महागडा गेटवे लागतो का, हा प्रश्न मग रास्त ठरतो.

चालू सेशनवर प्लॅन बदलणे

खरी परीक्षा इथे आहे. रेडियसने स्वतःहून राउटरला 'या ग्राहकाचा वेग बदल' असे सांगण्याच्या सोयीला सीओए म्हणतात. आरएफसी ५१७६ मध्ये ती मांडली आहे आणि तिचे ठरलेले पोर्ट यूडीपी ३७९९. मायक्रोटिकवर रेडियसचे इनकमिंग मुद्दाम चालू करावे लागते. सिस्कोचा राउटर मात्र सांगितले नाही तर १७०० वर ऐकत बसतो. बिलिंग ३७९९ वर ओरडते, राउटर १७०० वर कान लावून असतो, आणि दोघांच्याही लॉगमध्ये चूक दिसत नाही. आधी पोर्ट जुळवा.

मायक्रोटिकवर सीओएने वेग बदलतो आणि सेशन तुटत नाही. आयपी पत्ता, पूल (पत्त्यांचा साठा) किंवा रूट मात्र असा बदलत नाही. त्यासाठी ग्राहकाला डिस्कनेक्ट करूनच परत घ्यावे लागते. म्हणून थकबाकीदाराला वेगळ्या पूलमध्ये ढकलून 'बिल भरा' हे पान दाखवण्याची योजना असेल, तर पैसे भरल्यावर एक तुटणे गृहीत धरा. घरी बसून मीटिंग करणाऱ्याला ते जाणवते.

आयएसजीत बदल म्हणजे जुनी सेवा उतरवणे आणि नवी चढवणे, असे दोन हुकूम. नव्या सेवेचे नाव एका अक्षराने चुकले, तर जुनी उतरते आणि नवी चढत नाही. मधल्या अवस्थेत ग्राहक मोकाट सुटतो की बंद पडतो, हे तुमच्या कंट्रोल पॉलिसीवर ठरते. ही अवस्था विक्रेत्याकडून मुद्दाम करून दाखवून घ्या.

विकत घेण्याआधीची चाचणी तासाभराची आहे. एक लॅपटॉप, एक चाचणी खाते, ४० चा प्लॅन. मोठी फाइल उतरायला लावा, बिलिंगमधून १०० करा, आणि घड्याळ पाहा. पाच सेकंदांत वेग चढला आणि डाउनलोड तुटले नाही, तर पास. चढला नाही तर उत्तर काय आले ते वाचा. नकारासोबत ५०३ हा कोड आला, तर राउटरला ते सेशनच सापडलेले नाही. युजरनेमसोबत सेशन आयडी किंवा आयपी पत्ता पाठवून पाहा. काहीच उत्तर नसेल, तर सीक्रेट (रेडियस आणि राउटरमधला गुप्त शब्द) जुळत नाही किंवा वाटेत फायरवॉल आहे. बिलिंग क्लाउडवर असणाऱ्यांकडे ही दुसरी शक्यता फार: लॉगिनची विनंती राउटरकडून बाहेर जाते म्हणून चालते, पण सीओए बाहेरून आत येतो आणि राउटरच्या फायरवॉलमधल्या इनपुट चेनवर अडतो.

एफयूपीची मोजणी

एफयूपी म्हणजे डेटाची ठरलेली मर्यादा संपल्यावर वेग उतरवणे. ३३०० जीबीची मर्यादा लावली आणि महिनाअखेर ग्राहकाचा वापर १२ जीबी दिसला, तर जास्त शोधत बसू नका. रेडियसचा ऑक्टेट (बाइट) काउंटर ३२ बिटचा असतो, सुमारे ४.२९ जीबीला तो शून्यावर येतो आणि किती फेऱ्या झाल्या ते 'गिगावर्ड्स' या वेगळ्या रकान्यात जाते. बिलिंग तो रकाना वाचते का, हे आधी विचारा. शिवाय 'इनपुट' म्हणजे राउटरला मिळालेले, ग्राहकाचे अपलोड.

मायक्रोटिकच्या पद्धतीत मोजणी इंटरिम अपडेटवर, म्हणजे राउटर ठरावीक अंतराने पाठवतो त्या वापराच्या नोंदीवर, चालते. अंतर पाच मिनिटांचे असेल, तर १०० एमबीपीएसवाला तेवढ्यात ३.७५ जीबी ओढू शकतो, म्हणजे मर्यादा तेवढी सैल. घरगुती प्लॅनला हे चालते. ५ जीबीचा टॉप-अप विकायचा असेल तर चालत नाही. आयएसजीच्या प्रीपेड सोयीत राउटर स्वतः रेडियसकडून थोडा थोडा कोटा मागून घेतो, त्यामुळे कात्री जागच्या जागी लागते. छोटे डेटा पॅक हाच धंदा असेल, तर महाग पर्यायाच्या बाजूचे सर्वांत जड कारण हे.

मर्यादा संपल्यावरचा वेग ठरवताना एक आकडा लक्षात असू द्या: जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडच्या व्याख्येत किमान डाउनलोड २ एमबीपीएस आहे.

लाइट गेल्यावर

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, घरोघरी कूलर, आणि संध्याकाळी लेआउटचा ट्रान्सफॉर्मर बसतो. लाइट आली की शे-दोनशे राउटर एकाच मिनिटात लॉगिन मागतात. मायक्रोटिकमध्ये रेडियसच्या उत्तराची वाट पाहण्याचा मूळ अवधी अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी असतो. रेडियस तेवढ्यात दमते, राउटर पुन्हा विचारतो, गर्दी वाढत जाते. तो अवधी ३ सेकंद करा.

बीएनजीचीच, म्हणजे सगळ्या ग्राहकांची सेशन सांभाळणाऱ्या राउटरचीच, बॅटरी संपली तर गोष्ट आणखी वाईट. सेशन बंद झाल्याचा निरोप रेडियसपर्यंत गेलेलाच नसतो. एका खात्यावर एकच लॉगिन असा नियम असेल, तर सगळे ग्राहक 'आधीच लॉगिन आहे' म्हणून नाकारले जातात. तीन इंटरिम चुकले की सेशन मेले असे समजून बंद करणारा छोटा स्क्रिप्ट रेडियसवर हवाच.

आयपीओईत लॉगिनची ही झुंबड पासवर्डशिवायची असते, पण ती असतेच. डीएचसीपीच्या विनंतीमागेही रेडियसचीच विचारणा होते.

आयपीओई केव्हा

पीपीपीओईचे ८ बाइट वाचतात, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ऐवजी पूर्ण १५०० मिळते, 'ठरावीक वेबसाइट उघडत नाही' ही तक्रार कमी होते (पीपीपीओईत प्रोफाइलमधला टीसीपी एमएसएस बदलण्याचा पर्याय चालू ठेवून ती आटोक्यात येते), आणि ग्राहकाने राउटर रिसेट केला तरी लाइनमनला धाव घ्यावी लागत नाही. मोबदल्यात ओळख ओएलटीच्या, म्हणजे ग्राहकांच्या फायबर लाइन जिथे येऊन मिळतात त्या यंत्राच्या, हाती जाते. ओएलटी डीएचसीपीच्या विनंतीतल्या ऑप्शन ८२ मध्ये लाइनचा पत्ता भरते आणि त्यावरून ग्राहक ओळखला जातो. दोन कंपन्यांच्या ओएलटी असतील तर त्या पत्त्याची लिखावट वेगवेगळी निघते. फायबर तुटल्यावर रात्री लाइनमनने घाईत दुसऱ्या पॉन पोर्टवर (ओएलटीच्या फायबर पोर्टवर) जोडणी केली, की त्या पोर्टवरचे सगळे ग्राहक सकाळी अनोळखी. ही नोंद ठेवण्याची शिस्त टीममध्ये नसेल, तर पीपीपीओई सोडू नका.

हॉटस्पॉट

हिंगणा रोडवरची वसतिगृहे, बर्डीतले लॉज, डिसेंबरात अधिवेशनासाठी भरणारी हॉटेले: इथे माणूस बदलतो, लाइन बदलत नाही. पोर्टल इथेच शोभते, घरगुती जोडणीला नाही. वेळेचे आणि डेटाचे कूपन मायक्रोटिकच्या हॉटस्पॉटमध्ये तयार मिळते. सध्याचे मोबाइल प्रत्येक वायफाय नावाला वेगळा मॅक पत्ता (उपकरणाची ओळख) दाखवतात, म्हणून प्रत्येक मजल्याला वेगळे नाव दिले तर एकच विद्यार्थी तीन उपकरणे म्हणून मोजला जातो. सगळीकडे एकच नाव ठेवा.

मग घ्यायचे काय

दोन-अडीच हजार घरगुती ग्राहक आणि नेटवर्क बघणारा एकच माणूस असेल, तर आमचा कौल पीपीपीओईला, आकडे फक्त रेडियसमध्ये. राउटरवरच्या पीपीपी प्रोफाइलमध्ये वेग लिहून ठेवू नका. दोन ठिकाणी लिहिलेला प्लॅन कधी ना कधी वेगळा होतोच. राउटरचा परवाना तपासा: लेव्हल ४ वर २०० पीपीपीओई सेशन, लेव्हल ५ वर ५००, लेव्हल ६ वर बंधन नाही. मायक्रोटिकच्या सीसीआर मालिकेत लेव्हल ६ येते. सगळ्या ग्राहकांच्या क्यू एका मोठ्या पालक क्यूखाली घालू नका, सगळे ओझे एका कोअरवर जाते. डेटा पॅक, एकाच लाइनवर अनेक सेवा आणि कॉर्पोरेट ग्राहक असतील, शिवाय आयएसजीची कंट्रोल पॉलिसी वाचणारा माणूस पगारावर असेल, तरच दुसरा रस्ता.

नव्या पद्धतीवर जाण्याचा बदल एकेका पॉन पोर्टने करा, सकाळी अकराच्या सुमारास, रात्री नाही. आठ-दहा घरे न जोडता राहतील. त्यांच्या राउटरच्या पीपीपीओई पानावर 'सर्व्हिस नेम' रकान्यात आधीच्या नेटवाल्याने भरलेले काहीतरी सापडते. ते नाव तुमच्या सर्व्हरचे नसल्यामुळे सर्व्हर उत्तरच देत नाही, आणि पासवर्ड तीनदा बदलून काही होत नाही. रकाना रिकामा करून सेव्ह करा.