नळाचं पाणी की बोअरचं? आधी ते सांगा, मग मशीन

वॉशिंग मशीन घ्यायला नागपुरात सीताबर्डीपासून सदरपर्यंत कुठल्याही शोरूममध्ये जा, दोन प्रश्न ठरलेले असतात: घरात माणसं किती आणि बजेट किती. पाणी नळाचं आहे की बोअरचं, टाकी किती उंचावर आहे, मशीन रोज कोण लावणार, हे कोणी विचारत नाही. समोरच्या दारातून कपडे टाकायची फ्रंटलोड घ्यायची की वरून टाकायची टॉपलोड, याचा निकाल माझ्या मते या तीन गोष्टींवरच लागतो. स्वच्छ तर दोन्हीत निघतात हो कपडे.

आमच्या घरात दोन्ही आहेत. मानेवाड्याकडे दुमजली घर. खाली आम्ही, सासूबाई आणि मुलगा. वर धाकटे दीर, जाऊ आणि त्यांच्या मुली. खाली टॉपलोड, वर फ्रंटलोड, दोन्ही सात किलोच्या. एक बंद असली की दुसरीत कपडे जातात, त्यामुळे एकच चादर, तेच शाळेचे पांढरे शर्ट दोन्हीत धुवून झालेत. कंपन्यांची नावं लिहीत नाही. फरक कंपनीत कमी आणि प्रकारात जास्त आहे.

आधी पाणी. आमच्याकडे नळाला पेंच-कन्हानचं पाणी येतं. उन्हाळ्यात कूलरही तेच पाणी पितात, मग पुरत नाही आणि बोअर सुरू करावा लागतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. नागपुरात हे कोणाला शिकवायला नको. मे महिन्यात कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा कडक थर चढतो, तो याच क्षारांचा. आता फ्रंटलोडच्या पोटात पाणी तापवायचा हीटर असतो. खारं पाणी तापलं की तोच थर हीटरवर बसतो. मग पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि शेवटी हीटर जळतो. बहुतेक साध्या टॉपलोडला हीटरच नसतो, त्यामुळे जळायचा प्रश्न येत नाही. थर तिच्याही टबला बसतो, पण ती चालत राहते.

दुसरी भानगड साबणाची. खाऱ्या पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, फेस कमी होतो, म्हणून माणूस आणखी एक चमचा टाकतो. फ्रंटलोड पाणी मोजकंच घेते, एका फेरीला साधारण 50-60 लिटर. तेवढ्या पाण्यात ती जास्तीची पावडर निघत नाही आणि काळ्या पँटवर पांढरे फराटे दिसतात. जाऊबाईंनी बोअर सुरू असताना पावडर बंद करून फ्रंटलोडचं लिक्विड आणलं, एक खळबळणं वाढवलं, तेव्हा फराटे गेले. नळाला जोडायचं जे सॉफ्टनर म्हणून विकतात, त्यातल्या स्वस्त डब्यांत बहुतेक फॉस्फेटचे खडे असतात. पाणी त्यानं गोडं होत नाही, थर बसायचा तेवढा कमी होतो. तेवढ्यासाठी लावावं. आणि महिना-दोन महिन्यांनी रिकामी मशीन सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूफूल टाकून गरम पाण्यावर चालवावी. किराणा दुकानात मिळतं.

पण याच पाण्याची दुसरी बाजूही आहे. माझी टॉपलोड एका फेरीत शंभर लिटरच्या पुढे सहज जाते. मे महिन्यात टाकी अर्धी असताना मी मशीन लावली की वरून आवाज येतो, "वहिनी, कूलरमध्ये पाणी भरायचं राहिलंय अजून!" पाण्याच्या बचतीत फ्रंटलोडच्या जवळपास टॉपलोड येत नाही, हे मान्य. मी शेवटच्या खळबळण्याचं पाणी नळी काढून बादल्यांत घेते आणि त्यानं अंगण धुते. सगळ्यांना एवढी उठाठेव जमेल असं नाही.

आता टाकीची उंची. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे एक बार दाब, हे शाळेतलं गणित. ऑटोमॅटिक मशीनला आत पाणी घ्यायला किमान दाब लागतो. पुस्तिकेत तो बऱ्याचदा 0.3 बारच्या आसपास लिहिलेला असतो, म्हणजे नळापासून वर तीन मीटर तरी टाकी हवी. आमची टाकी गच्चीवर बुटक्या ओट्यावर. खालच्या मजल्यावर माझ्या मशीनला धो धो पाणी येतं. वरच्या मजल्यावर टाकी जवळजवळ डोक्यावरच, त्यामुळे फ्रंटलोड कशीबशी पाणी ओढायची, अर्ध्यात थांबून पाण्याची चूक दाखवायची आणि टीं-टीं करत बसायची. कंपनीचा माणूस आला, मशीन तपासली, म्हणाला मशीनमध्ये काही नाही, दाब कमी आहे. शेवटी दिरांनी छोटा प्रेशर पंप बसवला. एकमजली घर आणि स्लॅबवरच टाकी असेल, तर मशीन कुठलीही घ्या, हा पंपाचा खर्च आधीच धरून चाला. नाहीतर सेमी-ऑटोमॅटिक आहेच. तिच्यात बादलीनं पाणी ओतलं तरी चालतं.

डाग काढण्यात मात्र फ्रंटलोड सरळ जिंकते. आमच्या घरी रविवारी सावजी रस्सा होतो आणि मुलं तो शर्टासकट खातात. त्या तर्रीचं तेल थंड पाण्यात सुटत नाही. फ्रंटलोडमध्ये 40 अंशांवर शर्ट टाकला की तेल निघतं. उरतो हळदीचा पिवळा डाग, त्याला नागपूरचं ऊन पुरेसं आहे. हळदीचा रंग उन्हात उडतो, दुपारभर दोरीवर ठेवा. माझ्या टॉपलोडमध्ये तोच शर्ट आधी बादलीत गरम पाण्यात भिजवावा लागतो. गंमत म्हणजे मे महिन्यात हीटरची गरजच पडत नाही. दुपारी तीन वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, माझ्या मशीनलाही तेव्हा फुकटात गरम पाणी मिळतं.

विजेचं म्हणाल तर गार पाण्यावर दोन्हींचं बिल किरकोळच. हीटर लावला की गणित बदलतं. 60 अंशांच्या फेरीला एक युनिटच्या आसपास जातं. हीटर साधारण दोन हजार वॉटचा असतो, म्हणून सोळा अँपिअरचा पॉइंट हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रंटलोड लावू नका, कृपा करा.

शोरूमवाले फिरकीच्या वेगावर फार बोलतात. फ्रंटलोड मिनिटाला 1000 ते 1400 फेरे, टॉपलोड 700 च्या आसपास. कपडे त्यामुळे जवळजवळ सुके बाहेर येतात, खरं आहे. पण हा फायदा मुंबईवाल्यांना. आपल्याकडे मार्च ते जून ओला टॉवेलसुद्धा तासाभरात कडकडीत होतो. जुलै-ऑगस्टचे दोन महिने तेवढे जाऊबाईंचे कपडे आधी वाळतात आणि माझे पंख्याखाली लटकलेले असतात, तेव्हा थोडा हेवा वाटतो.

कपड्यांच्या झिजेबद्दल: टॉपलोडमध्ये खालची चकती फिरते आणि सगळे कपडे एकमेकांना पिळतात. सासूबाईंचं सुती लुगडं आणि परकराच्या नाड्या यांची गाठ सोडवणं हा माझा रोजचा कार्यक्रम. फ्रंटलोडमध्ये ड्रम कपडे उचलतो आणि वरून टाकतो, गाठी होत नाहीत आणि रंगही टिकतो. साड्या जाळीच्या पिशवीत घातल्या तर माझाही त्रास वाचतो, पण रोज पिशवी कोण शोधणार.

आता माणसं. मावशी धुण्या-भांड्याला दोन्ही मजल्यांवर येतात. त्यांना टॉपलोड आवडते. झाकण उघडलं, कपडे टाकले, मधेच राहिलेला रुमाल दिसला की तोही टाकला, चाळीस-पन्नास मिनिटांत मोकळं. वर मशीन सुरू झाली की दार लॉक. पहिल्या दिवशी मावशी खाली येऊन म्हणाल्या, "ताई, ते झाकण उघडून नाही राहिलं, बिघडली का बाप्पा मशीन?" शिवाय तिची एक फेरी दीड-दोन तास चालते, तोवर मावशी तिसऱ्या घरी पोचलेल्या असतात. मग कपडे वाळत घालायचं काम जाऊबाईंच्या गळ्यात. सासूबाईंना गुडघ्यामुळे वाकता येत नाही, त्यांनी वरच्या मशीनला हातच लावलेला नाही. चौथऱ्यावर ठेवून ती उंच करता येते, पण चौथरा पक्का हवा. आतल्या काँक्रीटच्या वजनामुळे फ्रंटलोड साठ-सत्तर किलोंची असते आणि फिरकीला हादरे देते. माझी तीस-पस्तीस किलोंची, दोघं मिळून उचलतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. फ्रंटलोड हलवायची तर ड्रम बांधायचे जे बोल्ट पहिल्या दिवशी काढून हातात देतात, ते जपून ठेवावे लागतात, आणि ते कोणाच्याच घरी वेळेवर सापडत नाहीत.

देखभाल दोघींनाही लागते. फ्रंटलोडच्या दाराचं रबर पुसायचं आणि दार थोडं उघडं ठेवायचं, नाहीतर पावसाळ्यात कुबट वास. खालच्या फिल्टरमध्ये नाणी आणि पिना. टॉपलोडच्या जाळीत रुई. आणि उंदीर! पुष्कळ टॉपलोड खालून उघड्या असतात, वायर कुरतडतात मेले. घेतानाच खालची जाळी मागून घ्या, नंतर बसवायला वेगळे पैसे पडतात.

नळाचं पाणी वर्षभर, टाकी उंच, घर स्वतःचं आणि घरात कोणीतरी थांबणारं असेल, तर पंधरा-वीस हजार जास्त घालून फ्रंटलोड घ्या, मीही पुढची तीच घेईन. यातल्या दोन गोष्टी नसतील तर टॉपलोड.

परवा नणंदेचा फोन आला. तिचा नागपुरातच बेसा भागात भाड्याचा फ्लॅट, पाणी बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. तिला फ्रंटलोडचं काचेचं दार फार आवडलंय. मी टॉपलोडच सांगितली. "मग वहिनी, सावजीचे डाग?" म्हटलं, रात्री गरम पाण्यात भिजव आणि पांढरा शर्ट घालून जेवायला बसू देऊ नको भाऊजींना.