टॉवेलचा कारखाना: अक्कलकोट रोड की चिंचोळी?

बारा ते सोळा साधे टेरी माग (लूपवाला टॉवेल विणणारे यंत्रमाग) टाकायचे आहेत आणि जागेचा निर्णय अडलाय, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. सोलापुरात हा प्रश्न फिरून फिरून दोनच नावांवर येतो: अक्कलकोट रोड एमआयडीसी, नाहीतर पुणे रस्त्यावरची चिंचोळी. प्लॉटचे दर, वीज, पाणी यांची चौकशी तुम्ही केलीच असेल, त्यात शिरत नाही.

चिंचोळीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. जागा ऐसपैस, हमरस्ता लागून, पुढेमागे शेड वाढवायला वाव. अक्कलकोट रोडला जुना गाळा मिळतो तो बहुधा बुटका, आणि दोन मागांमधून बीमची, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेल्या रुळाची, ट्रॉली जेमतेम निघते. बुटक्या पत्र्याखाली उन्हाळ्यात फार हाल होतात. सुती विणकामाला हवेत पाऊणशे ते ऐंशी टक्के आर्द्रता हवी. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ती टिकत नाही आणि ताण्याचा धागा ठिसूळ होऊन तुटत राहतो. नव्या उंच शेडमध्ये आर्द्रतेची यंत्रणा पहिल्यापासून नीट बसवता येते.

तरीही साध्या मागांसाठी आम्ही अक्कलकोट रोडच घेतलं. निर्णय झाला तो बीम सांधणाऱ्यावरून.

टेरी मागाला दोन बीम असतात, एक जमिनीचा म्हणजे पायाच्या कापडाचा आणि एक पाइलचा म्हणजे लूपचा. लूपमुळे पाइलचं सूत कितीतरी जास्त खपतं. प्रमाण एकास चार असेल तर मीटरभर टॉवेलला चार मीटर पाइल जातं. त्यामुळे दोन्ही बीम एकाच वेळी कधी संपत नाहीत, आणि पाइलचा बीम वारंवार बदलावा लागतो. प्रत्येक बदलाला हजार-दीड हजार धागे जुन्या टोकांना हाताने सांधायचे. बसलेल्या हाताचा माणूस ते तीन-चार तासांत करतो. पण तो तुमचा पगारी नसतो, नगावर काम करतो आणि गाळ्यागाळ्यातून फिरतो. अक्कलकोट रोडला निरोप गेला की तो शेजारच्या शेडमधून हात मोकळा करून येतो. एवढ्याशा कामासाठी पंधरा-वीस किलोमीटर लांब चिंचोळीला जाणं त्याला परवडत नाही. तीन-चार बीम साचले की येतो म्हणतो, तोवर माग उभा.

उभ्या मागाचा हिशेब करून बघा. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल, इंचाला ४० पिक (आडवे धागे), म्हणजे लांबीला २४०० पिक. माग मिनिटाला ११० पिकांनी चालला आणि तुटातूट धरून ७५ टक्के काम पकडलं, तर २९ मिनिटांत एक लांबी उतरते. रुंद मागावर शेजारी शेजारी दोन टॉवेल निघतात. आठ तासांची एक पाळी गेली की एका मागामागे ३२-३३ टॉवेल गेले. सोळांपैकी दोन माग रोज असे वाट बघत उभे राहिले, तर स्वस्त प्लॉटची बचत कुठे जाते ते दिसेल.

हीच माणसं कारागिरीही पसरवतात. सांधणारा, जॉबर (माग जुळवणारा मिस्त्री), डॉबी (मागावर नक्षी काढणारं यंत्र) दुरुस्त करणारा एका शेडमध्ये पाहिलेलं दुसरीकडे सांगतात. कुणी पाइल बीमच्या ब्रेकचं वजन बदलून लूप सारखा केला, कुणी सायझिंगच्या, म्हणजे ताण्याला लावायच्या, खळीत फरक केला, की थोड्याच दिवसांत आजूबाजूला ते सुरू होतं. अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये अशा वस्त्यांबद्दल हेच मांडलं होतं: कसबी हात, पूरक धंदे आणि हवेतच असलेलं ज्ञान. कामगारांचंही तसंच. कुंभारी याच रस्त्यावर आहे. तिथे २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं आणि २०२४ मध्ये रे नगरची पंधरा हजार घरं कामगारांना मिळाली. शिलाई, तपासणी, घडी, पॅकिंगला बायका तिथून सहज येऊ शकतात.

याची दुसरी बाजू मला मनापासून खुपते. नवी किनार बाजारात आली की बघता बघता शेजारच्या मागावर चढते. मग नवं काढण्यापेक्षा दर पाडणं सोपं वाटतं. ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा) तोच टॉवेल ४०० वर आणला की नगामागे ५८ ग्रॅम सूत वाचतं, पण गिऱ्हाइकाचा विश्वास साऱ्या सोलापूरवरचा उडतो. चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. ते बाहेरच्या नकलेपासून नाव राखायला उपयोगी, शेजाऱ्यापासून डिझाइन राखत नाही. त्यासाठी डिझाइनची वेगळी नोंदणी लागते, आणि अर्ज नमुना व्यापाऱ्याला दाखवण्याआधी करायचा, नंतर केला तर नवेपणाच उरत नाही. नोंदणी झाली की दहा वर्षं संरक्षण, पुढे पाच वर्षं वाढवता येतं.

पहिल्यापासून रॅपियर माग (बिनधोट्याचे वेगवान माग) आणि निर्यातीचंच काम असेल, तर पारडं बहुधा चिंचोळीकडे झुकेल. तिथे स्वतःचं गाठ मारण्याचं मशीन आणि पगारी तंत्रज्ञ ठेवणं परवडतं, बाहेरच्या सांधणाऱ्याची गरज उरत नाही, आणि डिझाइनही चार भिंतींत राहतं. साध्या मागांवर मात्र मशीनचा खर्च अंगावर येतो असं माझं मत आहे.

इसार देण्याआधी एक करा. ज्या गाळ्याचा विचार आहे तिथल्या शेजारच्या दोन-तीन शेडमध्ये दुपारी जा. किती माग बीमसाठी उभे आहेत ते मोजा, सांधणारा कोण येतो आणि निरोप दिल्यापासून किती वेळाने येतो ते विचारा. सायझिंगचा बीम सांगितल्या दिवशी मिळतो का, हेही तिथेच कळेल.