फ्लेक्सबार आणि कोपराचा पट्टा: काही महिन्यांच्या वापरानंतर

बॅडमिंटनवाल्याचं कोपर बाहेरच्या बाजूने दुखायला लागलं की दुकानदार आधी पट्टा गळ्यात मारतो. पट्टा वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर रोज दोन तास स्मॅश मारणार असाल तर पैसे पाण्यात. वसूल झाला तो फ्लेक्सबार, म्हणजे पिळायची रबरी दांडी.

पिवळी सगळ्यात मऊ, मग लाल, हिरवी, निळी. जिममध्ये जाणारे हमखास हिरवी घेतात आणि मनगटाऐवजी खांद्याने पिळतात. लाल घ्या.

दुखऱ्या हातात दांडी उभी धरा, मनगट मागे वळवून. दुसऱ्या हाताने वरचं टोक पकडून पीळ द्या. तो तसाच धरून दोन्ही हात समोर सरळ करा. मग दुखरं मनगट सावकाश पुढे झुकू देत पीळ सोडा, साधारण 4 सेकंदांत. असं 15 वेळा, 3 फेऱ्या, रोज. सगळी मेख सोडण्यात आहे: स्नायू लांबत असताना भार झेलतो आणि त्याच भाराने टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) हळूहळू बळकट होतं. पीळ फटकन सुटला तर ती खेप फुकट. घामट हातांनी नेमकं हेच होतं, म्हणून हात पुसूनच बसा.

करताना 10 पैकी 3 इतकं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तळहात खाली ठेवून पाण्याची भरलेली बाटली उचलून बघा. कालच्यापेक्षा जास्त कळ आली तर एक फेरी कमी करा. 6 ते 8 आठवड्यांआधी 'फरक नाही' म्हणून दांडी माळ्यावर टाकू नका.

पट्टा कोपराच्या हाडावर नको. दोन बोटं खाली, मूठ आवळल्यावर स्नायू फुगतो तिथे त्याची गादी बसवा. बोटांना मुंग्या आल्या तर सैल करा, खेळ संपला की काढा. घामाने वेल्क्रो लवकर धरेनासं होतं, हा मात्र वैताग.

आणि रॅकेट व पकड तशीच ठेवून हे सगळं केलं तर दुखणं परत येणार. रॅकेटच्या तारांचा ताण 26 पौंड असेल तर 23 वर आणा. गुळगुळीत झालेली ग्रिप बदला, कारण रॅकेट निसटू नये म्हणून मूठ नकळत आवळली जाते. शटलला रॅकेट लागते त्या क्षणीच बोटं आवळा, एरवी सैल. बॅकहँडला उशिरा पोचून नुसत्या मनगटाने शटल ओढायची सवय असेल, तर आधी पायांवर काम करा.

कोपर आतल्या बाजूने दुखत असेल तर पीळ उलट्या दिशेने द्यावा लागतो. रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा पकड सुटत असेल, तर दांडी बाजूला ठेवून ऑर्थोपेडिककडे जा.