वर्षभराचा अनुभव: सायंटिफिक कॅल्क्युलेटरचं अवयव पाडण्याचं बटण आणि तो कंस

मॅट्रिक्स, इंटिग्रेशन, सोलर पट्टी हे सगळ्यांना माहीत आहे. मी हजाराच्या वर पैसे मोजले ते फक्त मूळ अवयव पाडणाऱ्या बटणासाठी. घरी नववी-दहावीची मुलं शिकायला येतात, त्यांना ते रोज लागतं. छोट्या संख्यांना हे बटण झकास चालतं.

डोकं उठतं ते मोठ्या संख्येला. १०१८०८१ टाका, तीच संख्या कंसात परत येते. खरं तर तो १००९ चा वर्ग आहे. पण यंत्र तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतच भागून बघतं आणि उरलेलं कंसात टाकतं. आता ४२९४९६७२९७ टाका. उत्तर येतं ६४१ × (६७००४१७). हा दुसरा कंस मूळ संख्येचा! एक फुटणारी, एक न फुटणारी, आणि दोघींना खूण एकच. मुलांनी विचारलं, "मग ही मूळ आहे का नाही?" दुकानात विचारलं तर म्हणे, इंजिनिअरिंगची मुलं हेच नेतात, कुणाची तक्रार नाही. हे काय उत्तर झालं?

पण याच दहा अंकी संख्येमुळे माझं मत बरंच निवळलं. ही २ चा ३२ वा घात अधिक १. १६४० च्या सुमारास फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं होतं की या साच्यातल्या, म्हणजे २ चा घात १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट करत नेऊन त्यात १ मिळवलेल्या, सगळ्या संख्या मूळच असणार. ३, ५, १७, २५७, ६५५३७ पर्यंत ते खरंही ठरलं. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ६४१ शोधून पुढचीच फोडली. त्यानंतर लूका या फ्रेंच गणितज्ञाने अट आणखी आवळली: हिचा कुठलाही मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवून येणाराच हवा. ६७००४१७ चा अवयव तो हिचाही अवयव, म्हणून त्यालाही हीच अट. आणि ती फुटत असेल तर एक मूळ अवयव वर्गमुळाच्या आतच सापडणार; ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. तिथपर्यंत या अटीत बसणाऱ्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. मुलांनी याच कॅल्क्युलेटरवर भागाकार केले. मागचं गणित बाणाने परत आणायचं, फक्त भाजक बदलायचा, बरोबर दाबायचं. बाक्या आल्या १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे मूळच! यंत्राने सोडलेलं काम मुलांनी पाच भागाकारांत पुरं केलं. मला फार आनंद झाला.

तरी कंसाची तक्रार कायम आहे. 'पुढे तपासलं नाही' एवढं तरी पडद्यावर दिसायला हवं.

महागडं मॉडेल मात्र घेणार नाही. दहा अंकांपुढे जायचं तर फ्रान्सच्या बोर्दो विद्यापीठात घडलेलं पारी-जीपी हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. २ चा ६४ वा घात अधिक १ ही वीस अंकी संख्या त्याने डोळ्याची पापणी लवायच्या आत फोडली: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने १८८० मध्ये, ऐंशी उलटल्यावर, ही हाताने फोडली होती.