चिकट रोलर: वर्षभर वापरल्यावर

ऑपरेटर म्हणून 31 वर्षं केबिनमध्ये काढली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या टॉकीजचं मशीन थांबलं, पण हात काही गप्प बसेनात. आता पुण्यात एका हौशी संग्राहकाकडे महिन्यातून दोनदा 35 एमएमचे खेळ लावतो. त्यांनी गेल्या वर्षी 'पीटीआर' आणले, म्हणजे फिल्मवरची धूळ टिपणारे चिकट रोलर.

आमच्या वेळी साफसफाई म्हणजे मखमलीचा तुकडा. रिवाइंड करताना तो चिमटीत धरायचा नि त्यातून फिल्म सरकू द्यायची. मामा (आमचे उस्ताद) त्यावर सीटीसी, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड ओतायचे. प्रिंट चकचकीत व्हायची आणि आमचं डोकं गरगरायचं. लिव्हरला ते विष आहे हे फार उशिरा कळलं. शिवाय मखमलीची घडी बदलायला विसरलं, की तिच्यात अडकलेला कण सगळ्या 2000 फुटांवर रेघ ओढत जायचा. मग पब्लिकचं सुरू, "पाऊस आला रे!"

या रोलरांना औषध लागत नाही, वीज लागत नाही. खोडरबरासारखे मऊ, बोट लावलं तर किंचित चिकटणारे. वरच्या स्पूलवरून सुटलेली फिल्म चौघांमधून नागमोडी जाते नि मग मशीनच्या डोक्यात शिरते. दोघं एका बाजूची धूळ उचलतात, दोघं दुसऱ्या. पॉलिस्टरच्या प्रिंटवर तर फारच कामाचे, कारण कोरड्या फडक्याने पुसलं की ती स्थिर विजेने आणखी धूळ ओढते. गेटची, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या चौकटीची, खिडकी जेमतेम 21 मिलिमीटर रुंद. टॉकीजच्या 30 फुटी पडद्यावर चित्र चारशेपटीहून मोठं होतं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा केस तिथे वीतभर नाचतो. पहिल्याच खेळाला तो नाच जवळजवळ गेला. मीच दोनदा भिंतीतल्या खिडकीतून वाकून पडद्याकडे पाहिलं.

पण खरं काम धुण्याचं आहे. रोलर धुळीने भरला की चिकटपणा जातो, आणि मग तो उचललेली घाण पुढच्या रिळाला परत करतो. म्हणून प्रत्येक खेळानंतर काढायचे, नळाखाली भांड्याच्या साबणाचा एक थेंब लावून अंगठ्याने चोळायचे. पाणी आधी राखाडी येतं, मग स्वच्छ. बोटाला पुन्हा चिकटायला लागला की झालं. पुसायचं मात्र नाही! घाईत होतो, तेव्हा मी एकदा पंचाने पुसले. पहिल्या रिळाची 20 मिनिटं पडद्यावर पंचाचे पांढरे तंतू पोहत होते. मालक काही बोलले नाहीत, चहा मात्र त्या दिवशी उशिरा आला. आता उभ्या खिळ्यांवर टांगून वाळवतो, वर जाळीचं झाकण. पावसाळ्यात रात्रभरही ओलसर राहतात, तेव्हा दुसरा सेट हवाच. एका सेटवर भागेल असं विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं. त्याने पुण्याचा जुलै पाहिला नसावा.

आणखी एक. जुन्या प्रिंटच्या टेपजॉइंटमधून, म्हणजे चिकटपट्टीने जोडलेल्या सांध्यातून, गोंद पाझरत असेल, तर तो जॉइंट आधी नव्याने करा. नाहीतर रोलर फिल्मला धरून बसतो. खेळ संपल्यावर फिल्म त्यांच्यात अडकवून ठेवू नका. तेलाचे डाग यांना निघत नाहीत आणि ओरखडे तर पुसून कुणालाच निघत नाहीत.

गेटच्या पट्ट्यांवर इमल्शनची, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराची, काळी खपली धरते, तिथेही रोलरांचा उपयोग शून्य. त्यासाठी माझ्या खिशात अजून बांबूची काडी आणि दाताचा जुना ब्रश असतो. नवा पोरगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सरसावला होता, हात धरला त्याचा.