ब्रिस्टलचं न्यू रूम, नक्की बघा
ब्रॉडमीडच्या शॉपिंगच्या गर्दीत हे चॅपल आहे हे पटकन कळतच नाही, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७३९ मध्ये बांधलेलं, जगातलं सगळ्यात जुनं मेथडिस्ट चॅपल. आत एकदम साधं, पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, दुमजली पल्पिट (प्रवचन द्यायची उंच जागा) आणि वरच्या अष्टकोनी खिडकीतून येणारा उजेड, मला तर हाच सगळ्यात भारी भाग वाटला. खाली रस्त्याकडे खिडक्याच नाहीत, कारण म्हणे तेव्हा विरोधकांचे जमाव दगडं मारायचे! म्युझियम वरच्या मजल्यावर, प्रीचर लोक राहायचे त्या खोल्यांत, तिथल्या खिडकीतून खाली प्रवचन कसं चाललंय ते वेस्लीला दिसायचं (बिचारे प्रीचर). अंगणात घोड्यावरचा वेस्लीचा पुतळा आहे, फोटो काढाच. धर्मात इंटरेस्ट नसला तरी चालेल, इतिहास आवडत असेल तर जा.